कचरावेचकांचा हक्क आणि नागरिकांची जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कचरावेचक कष्टकऱ्यांच्या बाजूने नागरिक म्हणून काम करताना सोसायट्यांच्या सभांत, वस्तीतल्या बैठकांत आणि कधी कधी जिन्यात उभ्या उभ्या आम्हाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न रागाने विचारले जातात, काही काळजीने. दोन्हींना आम्ही सारख्याच गांभीर्याने उत्तर दिले आहे, कारण रागावलेला माणूसही उद्या आपला ओला आणि सुका कचरा वेगळा करू लागला, तर त्याचा फायदा थेट एका बाईच्या रोजच्या कमाईला होतो.

कचरावेचक म्हणजे नेमके कोण? महापालिकेचे सफाई कामगार आणि कचरावेचक एकच का?

नाही. महापालिकेचा कायम सफाई कामगार वेतनावर असतो. त्याला रजा, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांचा आधार असतो. ठेकेदाराकडील सफाई कामगाराला यातले पुष्कळ मिळत नाही, तरी पगार देणारा कोणीतरी असतो. कचरावेचकाला पगार देणारा कोणीच नसतो. रस्त्यावरच्या, कुंडीतल्या, डेपोतल्या किंवा घरोघरच्या कचऱ्यातून कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच आणि पत्रा वेगळा काढायचा, तो पोत्यात भरून भंगाराच्या दुकानात न्यायचा आणि वजनावर जे हाती पडेल त्यात घर चालवायचे, असे हे काम आहे. डोक्यावर पाटी किंवा हातगाडी घेऊन दारोदार रद्दी आणि डबा-बाटली विकत घेणाऱ्या फेरीवाल्याही याच साखळीतल्या आहेत. फरक एवढाच, की त्या माल वेचत नाहीत, तर रोख देऊन घेतात, म्हणजे सकाळी घरातून निघताना त्यांच्या कनवटीला थोडे भांडवल असावे लागते.

वेचलेला माल छोट्या भंगारवाल्याकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात जातो. या संपूर्ण उद्योगाचा कच्चा माल ज्या हातांनी गोळा होतो, त्या हातांना उद्योगातले कामगार मानायचे की रस्त्यावरचे उपरे, या प्रश्नाभोवती गेल्या तीन दशकांची ही चळवळ उभी आहे.

या कामात बहुतेक स्त्रियाच का आहेत, आणि त्या ठरावीक जातींमधल्याच का?

पुण्यातील कचरावेचकांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य मातंग, नवबौद्ध आणि इतर दलित समाजांतल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूरकडची अनेक कुटुंबे पुण्यात आणली. शेतमजुरी सुटली होती, हाताशी जमीन नव्हती, अक्षरओळख नव्हती आणि शहरात कोणाची ओळख नव्हती. पुरुषांपैकी काहींना बांधकामावर, हमालीत किंवा झाडूकामात शिरकाव मिळाला. स्त्रियांपुढे घरकामाचा पर्याय होता असे आज आपल्याला वाटते, पण ज्या घरात भांडी घासायची त्या घरात आधी जात विचारली जाई. कचऱ्याला मात्र शिफारस लागत नव्हती, भांडवल लागत नव्हते आणि कोणी जात विचारत नव्हते, कारण ते काम करायला दुसरे कोणी तयारच नव्हते.

गावगाड्यात ज्यांच्यावर घाणीची कामे लादली गेली, त्यांच्याच लेकी-सुना शहरात आल्यावर पुन्हा घाणीपाशी पोहोचल्या. म्हणून हा प्रश्न केवळ मजुरीच्या दराचा नाही. मजुरी, जात आणि बाईपण या तिन्हींचा भार एकाच पोत्यात आहे, आणि त्यातला एक बाजूला ठेवून उरलेल्या दोनांचे उत्तर शोधता येत नाही.

पुण्यात कचरावेचकांची संघटना कशी उभी राहिली?

याची सुरुवात साक्षरता वर्गापासून झाली. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचे काम पुण्यातील वस्त्यांत चालू होते. तेथे शिकवणाऱ्यांना दिसले, की कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरे शिकवून भागणार नाही, कारण त्यांच्या आया भल्या पहाटे कुंड्या धुंडाळायला निघतात आणि दिवसभराच्या पायपिटीनंतर हाती येणारा माल ओल्या कचऱ्यात माखलेला असतो, त्यामुळे त्याला भावही येत नाही. हाच माल लोकांनी घरीच वेगळा करून दिला, तर बाईचे श्रम कमी होतील आणि भाव चांगला मिळेल, असा साधा विचार पुढे आला. कोरेगाव पार्कच्या परिसरात काही बायकांना ओळखपत्रे देऊन तो करून पाहण्यात आला आणि तो लागू पडला. कुंडीत वाकण्याऐवजी दारात उभे राहून सुका माल घेता येऊ लागला.

मग त्याच परिसरात गाडी लावून कचरा गोळा करण्याचा एक व्यावसायिक प्रस्ताव आला. ज्या कचऱ्याकडे कालपर्यंत कोणी पाहत नव्हते, त्याला किंमत आहे हे कळताच तो नेणारे दुसरेच पुढे झाले. बायकांनी गाड्या अडवल्या आणि पहिल्यांदाच उघडपणे सांगितले, की या मालावर आमचे पोट आहे आणि म्हणून त्यावर आमचा हक्क आहे. एका गल्लीतली अडवणूक शहरभर पुरणार नाही, हेही त्यातून कळले. मे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात कचरावेचकांची परिषद झाली. आठशेहून अधिक कचरावेचक आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कामगार संघटना जन्माला आली. विद्यापीठातून या कामात आलेल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा संघटनेच्या बांधणीत मोठा वाटा आहे.

नावाकडेही लक्ष द्यावे. त्यात ‘कचरा’ हा शब्द नाही. कागद, काच, पत्रा ही मालाची नावे आहेत आणि कष्टकरी ही माणसांची ओळख आहे. पंचायत हा शब्द हमाल पंचायतीच्या परंपरेतला आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना पुण्यात १९५० च्या दशकातच उभी राहिली होती आणि तिच्यासारख्यांच्या रेट्यातूनच १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा झाला. असंघटित म्हणवल्या जाणाऱ्यांना संघटित होता येते, हे कचरावेचक बायकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मार्केट यार्डातल्या हमालाकडे पाहून ते दिसत होते.

मालकच नाही, तर कामगार संघटना कशी? मागणी करायची कोणाकडे?

ही शंका १९९३ मध्येही घेतली गेली होती. कामगार संघटना म्हटले, की कारखाना, मालक, संप आणि वेतनकरार एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. कचरावेचक स्वतःचे काम स्वतः करतो, म्हणून तो स्वयंरोजगारी ठरतो, आणि एकदा त्याला स्वयंरोजगारी म्हटले, की त्याची जबाबदारी घ्यायला कोणी उरत नाही.

संघटनेने या युक्तिवादाची बाजू उलटवली. कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे कायद्याने महापालिकेचे कर्तव्य आहे. कचरावेचक जेवढा माल वेगळा काढून कारखान्याकडे पाठवतो, तेवढा माल उचलण्याचा, वाहून नेण्याचा आणि डेपोत पुरण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो. म्हणजे ती बाई शहराचे काम करत होती आणि शहर तिला काहीही देत नव्हते. तेव्हा मागणी महापालिकेकडे करायची, आणि ती मदत म्हणून नव्हे तर केलेल्या कामाची नोंद म्हणून करायची. ट्रेड युनियन कायद्याखाली संघटनेची नोंदणी झाली, ती याच भूमिकेवर.

एका ओळखपत्राला एवढे महत्त्व कशासाठी?

ज्यांना रस्त्यात कोणी अडवत नाही, त्यांना हे पटकन कळत नाही. पहाटे पाच वाजता पाठीवर पोते घेऊन बंद दुकानांच्या रांगेपुढून चालणाऱ्या बाईकडे रखवालदार, पोलीस आणि फिरायला निघालेले लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर आधी समजून घ्यावी लागते. परिसरात चोरी झाली, की पहिली चौकशी तिची होई. पोत्यात तांब्याची तार सापडली, तर ती कुठून आणली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येई.

१९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांना मान्यता दिली आणि अशी मान्यता देणाऱ्या देशातील पहिल्या महापालिकांत पुण्याची गणना होऊ लागली. त्या पत्रावर महापालिकेचा आधार असल्याने पोलीस ठाण्यात बोलताना बाईच्या मागे एक संस्था उभी राहिली. पुढे याच नोंदणीच्या आधारे महापालिकेच्या खर्चाने आरोग्य विमा सुरू झाला. आमच्या ओळखीतल्या एक आजी, ज्यांनी आता काम सोडले आहे, आपले पहिले ओळखपत्र आजही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल पत्र्याच्या पेटीत अशी जपून ठेवतात. त्यावरचा फोटो पुसट झाला आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा ज्या कागदावर आपले नाव आणि आपले काम शेजारी शेजारी लिहिलेले पाहिले, तो कागद त्या टाकून देणार नाहीत.

‘पंचायत’ आणि ‘स्वच्छ’ या दोन वेगळ्या संस्था आहेत का?

होय. पंचायत म्हणजे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कामगार संघटना आहे. तिचे काम सभासदांच्या हक्कांसाठी लढण्याचे. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सेवा सहकारी संस्था आहे आणि घरोघर जाऊन कचरा गोळा करणे हे तिचे काम आहे.

ती का काढावी लागली, याचे कारण नियमांत आहे. २००० सालच्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करणे शहरांना बंधनकारक केले. शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण रस्त्यावरच्या कुंड्या गेल्या की कुंडीवर जगणाऱ्यांचे काय, याचा विचार त्यात पुरेसा नव्हता. कचरा घरातून थेट ठेकेदाराच्या गाडीत गेला असता, तर हजारो बायकांचे काम एका निविदेत संपले असते. संघटनेने दारोदार संकलनाला विरोध केला नाही. ते काम आम्हीच करू, असा आग्रह धरला. २००७ मध्ये सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. त्या करारानंतर नूतनीकरणाच्या वेळी दर खेपेला अनिश्चितता, मुदतवाढी आणि ठेकेदारीकडे झुकणारे प्रस्ताव यांचा सामना बायकांना करावा लागला आहे. मोर्चे निघाले, धरणी झाली, नागरिकांनी पाठिंब्याची पत्रे दिली. तीस वर्षे एखाद्याने शहराची सेवा करावी आणि तरी दर काही वर्षांनी त्याला पुन्हा पात्रता सिद्ध करायला लावावे, हे आम्हाला अन्यायाचे वाटते आणि तसे आम्ही प्रत्येक सुनावणीत सांगत आलो आहोत.

आम्ही मिळकतकर भरतो. मग कचऱ्यासाठी दरमहा वेगळे पैसे कशासाठी?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

‘स्वच्छ’च्या रचनेत महापालिका कचरावेचकाला पगार देत नाही. करारानुसार महापालिका संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च आणि साधनसामग्री यांचा भार उचलते. दारात येणाऱ्या बाईचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते : घरटी मिळणारे शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्याने वापरशुल्क द्यावे, असे स्पष्टपणे म्हटले. तेव्हा हे शुल्क म्हणजे बाईने स्वतः लावलेली पट्टी नाही आणि तिला दिलेली बक्षिसीही नाही.

तुमचा आक्षेप असा असेल, की हा खर्च मिळकतकरातूनच भागवला पाहिजे, तर त्यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकते, आणि कष्टकऱ्यांच्या चळवळीतही थेट वेतनाची मागणी करणारे लोक आहेत. पण ती चर्चा महापालिकेशी करावी. महिना संपल्यावर दारात उभ्या असलेल्या बाईला ‘पुढच्या महिन्यात ये’ असे सांगून ती करू नये. शंभर घरे असलेल्या इमारतीत वीस घरांनी शुल्क थकवले, तर कचरा शंभर घरांचाच उचलावा लागतो आणि मजुरी ऐंशी घरांची मिळते. एखाद्या कार्यालयाने पाचव्या हिश्शाचा पगार असाच सहज कापला, तर आपण काय करू?

सोसायटीने शुल्क देखभाल खर्चात मिळवून एकरकमी द्यावे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे. दर महिन्याला दारोदार हात पसरल्यासारखे उभे राहावे लागत नाही, एवढ्यानेच त्या कामाचा अर्धा अपमान संपतो.

पण भंगार विकून त्यांना पुष्कळ पैसे मिळतात, असे ऐकले आहे.

ज्याने असे सांगितले, त्याला दुपारी भंगाराच्या दुकानापुढे तासभर उभे राहायला सांगावे. आम्ही एकदा एका सभासद बाईंबरोबर गेलो होतो. त्यांनी पोते रिकामे करून आधी माल लावला. पुठ्ठा एकीकडे, छापील कागद वेगळा, पांढरा कागद वेगळा, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. बाटलीचे टोपण वेगळ्या प्लास्टिकचे असते, म्हणून ते काढायचे. कागदाला ओल लागली असेल, तर दुकानदार वजनातून घट धरतो, म्हणून भिजलेला थर उलगडून वाऱ्यावर टाकायचा. या निवडण्याला दीड तास गेला. त्यानंतर काटा झाला आणि दुकानदाराने वहीत आधीच्या उचलीतले पैसे वळते करून घेतले. आजारपणात घेतलेली उचल होती. उरलेले हाती आले.

भाव बाईच्या हातात नसतात. कागदाचा आणि प्लास्टिकचा दर दूरच्या बाजारात ठरतो आणि तो कोसळला, की पहिला फटका साखळीच्या तळाला बसतो. २०२० च्या टाळेबंदीत हे सर्वांना दिसले. कचरा गोळा करणे ही अत्यावश्यक सेवा होती, म्हणून बायका कामावर होत्या, पण भंगाराची दुकाने बंद होती, म्हणून गोळा केलेला माल विकायला जागा नव्हती.

मोठ्या गाड्या आणि ठेकेदार आणले, तर शहर अधिक स्वच्छ होणार नाही का? यंत्राला विरोध कशासाठी?

यंत्राला विरोध नाही. पाठीवरचे ओझे कमी करणारी ढकलगाडी, विजेवर चालणारे वाहन, निवाऱ्याची आणि पाण्याची सोय असलेली वर्गीकरणाची जागा या संघटनेच्याच मागण्या आहेत. विरोध आहे तो माणसाला बाजूला सारून कचरा एकत्र दाबणाऱ्या व्यवस्थेला. दाबून नेलेल्या मिश्र कचऱ्यातून पुठ्ठाही निघत नाही आणि खतही होत नाही. वाहतुकीच्या वजनावर पैसे मिळणार असतील, तर कचरा कमी करण्यात ठेकेदाराला काही लाभ नसतो, उलट तोटाच असतो. कचरावेचकाचे नेमके याच्या उलट आहे. जेवढा माल वेगळा निघेल, तेवढी तिची कमाई वाढते आणि तेवढा डेपोवरचा भार घटतो.

कचरा डेपो म्हणजे काय, हे पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांना विचारावे. पुण्याच्या कचऱ्याने त्यांच्या विहिरींचे पाणी नासवले आणि त्यांनी अनेक वेळा गाड्या अडवल्या. त्या गावांचा लढा आणि कचरावेचक बायकांचा लढा हे दोन वेगळे विषय आहेत असे आम्ही मानत नाही.

ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा कामगारहक्काशी काय संबंध?

कामाची जागा सुरक्षित असणे हा कामगाराचा हक्क आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या बाबतीत हे आपण मान्य करतो. कचरावेचकाची कामाची जागा म्हणजे तुमच्या दारातली बादली, आणि ती सुरक्षित ठेवणे फक्त तुमच्याच हातात आहे.

अनुभवी बाई पिशवीची गाठ लगेच सोडत नाही. आधी ती पिशवी बाहेरून दोन्ही तळव्यांनी हलकेच चाचपते. फुटलेली काच टोचते का, सुई आहे का, आत मऊ आणि ओलसर काही आहे का, हे बोटांना कळते. मग ती गाठ सोडते. या चाचपण्याला कोणी प्रशिक्षण दिलेले नाही. हातावरच्या जखमांनी ते शिकवले आहे. हातमोजे का घालत नाही, असे विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच उत्तर मिळते, की जाड मोज्यातून माल ओळखू येत नाही आणि उन्हाळ्यात हात उबून निघतात. मोजे पुरवले पाहिजेतच, पण पिशवीत काच उघडी न टाकणे हे त्याहून जास्त उपयोगाचे आहे.

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. बाईला दुसऱ्याचे रक्त आणि मळ हाताने वेगळा करावा लागतो, हे लिहितानाही संकोच वाटतो, पण तिला तो दररोज करावा लागतो. म्हणून पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम सुरू झाली : असा कचरा कागदात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा आणि सुक्या मालात न मिसळता वेगळा द्यायचा. २०१३ मध्ये कचरावेचकांनी वापरलेली पॅड गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली, जेणेकरून विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावरही आहे, हे त्यांच्या लक्षात यावे. गुंडाळण्यासाठी पाकीट देण्याची उत्पादकांवरील जबाबदारी पुढे २०१६ च्या नियमांत आली.

त्या नियमांत कचरावेचकांसाठी आणखी काय होते?

देशाच्या घनकचरा नियमांत ‘कचरावेचक’ हा शब्द व्याख्येसह आला. कचरावेचकांची नोंदणी करून त्यांना संकलनाच्या व्यवस्थेत सामावून घेण्याची आणि त्यांना ओळखपत्रे मिळतील अशी यंत्रणा उभारण्याची अपेक्षा स्थानिक संस्थांकडून ठेवली गेली. नियमात शब्द असणे आणि वॉर्डात त्याप्रमाणे होणे यांत अंतर आहे, पण शब्द नसता तर अंतर मोजायलाही जागा नव्हती.

मुलांच्या शिक्षणासाठी आणि इतर कशासाठी सरकारी योजना आहेत का?

आहेत. सफाईची आणि आरोग्याला धोका असलेली कामे करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात कचरावेचकांच्या मुलांचा समावेश आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टल चालू आहे. गटार आणि मैलाटाकी सफाई कामगारांसाठी सुरू झालेल्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांनाही घेतले आहे. शाळेकडून शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पालकांच्या व्यवसायाचा दाखला मागितला जातो. तो मिळवण्यासाठी संघटनेच्या कार्यालयात ओळखपत्र घेऊन जावे.

त्यांना या घाणीतून बाहेर काढून दुसरे काम देणे जास्त चांगले नाही का?

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या मुलींनी हे काम करू नये, असे बहुतेक बायकांनाच वाटते, आणि शाळेसाठी त्या पोटाला चिमटा घेतात. संघटनेनेही पहिल्यापासून मुलांच्या कचरा वेचण्याला विरोध केला आहे. पण पंचेचाळीस वर्षांच्या, न शिकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला कोणते दुसरे काम देणार आहात, याचे उत्तर विचारणाऱ्यापाशी नसते. काम वाईट नाही. कामाची अवस्था वाईट आहे. कुंडीत वाकून वेचणे आणि ठरलेल्या वेळी, गणवेशात, वेगळा केलेला कचरा दारातून घेऊन त्याचे ठरलेले पैसे मिळवणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या कामाला जात चिकटू न देणे ही मात्र आपली सर्वांची लढाई आहे.

दिवाळीला आम्ही फराळ आणि जुने कपडे देतो. तेवढे पुरेसे नाही का?

प्रेमाने दिलेल्या फराळाला कोणी नाही म्हणणार नाही. पण फराळ देणाऱ्याची मर्जी असते आणि मजुरी घेणाऱ्याचा हक्क असतो. एकाच्या बदली दुसरे देता येत नाही. शक्य असेल तर कपड्यांऐवजी एका महिन्याचे शुल्क बोनस म्हणून द्यावे, वर्षभर वेळेवर पैसे द्यावेत, सोसायटीचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी वापरू द्यावे आणि लिफ्टने वर येऊ द्यावे. लिफ्टबद्दल मुद्दाम लिहीत आहोत. सहा मजले बादल्या घेऊन जिन्याने चढायला लावणाऱ्या इमारती आम्ही पाहिल्या आहेत. आणि त्यांना ‘कचरेवाली’ म्हणण्याऐवजी नावाने, मावशी किंवा ताई म्हणून हाक मारावी.

आमच्या भागातील कचरावेचक बाईवर चोरीचा आळ आला, तर आम्ही काय करावे?

सर्वांत आधी तिची झडती घेऊ देऊ नये आणि तिचा माल कोणाला हिसकावू देऊ नये. रखवालदाराला किंवा सोसायटीच्या पदाधिकाऱ्याला झडतीचा अधिकार नाही. तक्रार असेल तर ती पोलिसांत लेखी द्यावी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करण्यावर कायद्याने कडक बंधने आहेत, हे लक्षात ठेवावे. जातीवरून शिवीगाळ झाली असेल, तर १९८९ च्या अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवता येतो. संघटनेच्या प्रतिनिधीला तत्काळ फोन करावा आणि ती येईपर्यंत कोणीतरी बाईजवळ थांबावे. अशा वेळी शेजारी उभा राहिलेला एक रहिवासी पुष्कळ काही बदलू शकतो.

ही फक्त पुण्याची चळवळ आहे का?

नाही. भारतात अनेक शहरांत कचरावेचकांच्या संघटना आहेत आणि जगातही आहेत. दर वर्षी १ मार्च हा आंतरराष्ट्रीय कचरावेचक दिन पाळला जातो, त्यामागे एक भीषण घटना आहे. १९९२ मध्ये कोलंबियातील बारांकिया शहरात एका विद्यापीठाच्या आवारात कचरावेचकांची हत्या झाल्याचे उघडकीस आले. ज्यांची कोणी दखल घेणार नाही, म्हणून ज्यांना मारले, त्यांची आठवण पुण्यातल्या बायकाही ठेवतात. त्याच देशाच्या बोगोटा या राजधानीत २००८ मध्ये कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली आणि तिथल्या कचरावेचकांनी न्यायालयात दीर्घ लढा देऊन २०१३ पासून गोळा केलेल्या मालाच्या वजनावर महापालिकेकडून मोबदला मिळवला.

आमच्या सोसायटीत सुरुवात कोठून करावी?

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घालावा. सभेला तुमच्या इमारतीत येणाऱ्या ताईंनाच बोलवावे आणि त्यांना खुर्ची द्यावी. त्यांना कोणती वेळ सोयीची आहे, कोणत्या मजल्यावरून मिश्र कचरा येतो, कोणाचे शुल्क थकले आहे, हे त्यांनीच सांगू द्यावे. सुक्या मालाचे वर्गीकरण करायला पार्किंगच्या कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही अशी सहा फूट बाय आठ फूट जागा आणि शेजारी एक नळ मिळाला, तरी पुष्कळ काम होते. पावसाळ्याच्या आधी एवढे करावे, कारण जून उजाडला की पुठ्ठा भिजतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याची घट काट्यावर त्यांच्याच पैशांतून जाते.